युरोप व्हाया भोकरदन

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक फोटो येतो. लाल रंगाची जुनी अल्फा रोमिओ स्पायडर, टप उघडा, मागे आल्प्स, आणि स्टिअरिंगवर आमचा म्युनिकवाला. गाडी त्याची नाही, दोन दिवसांच्या भाड्याची. पण फोटोत ते दिसत नाही. खाली ओळ ठरलेली: "कधी येताय रे?"

आम्ही चौघं जालन्याचे. एक हा म्युनिकवाला. दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. तिसरा मोंढ्यात बियाणं-खताचं दुकान चालवतो. चौथा मी, पुण्यात कोड लिहितो आणि शनिवारी हे असलं काहीतरी लिहितो. २०१५ पासून आमचा प्लॅन पक्का आहे: चौघांनी मिळून जुनी स्पोर्ट्स कार भाड्याने घ्यायची आणि म्युनिकहून इटलीत उतरायचं, स्टेल्व्हियो घाटातून. उंची २,७५७ मीटर, एका बाजूला ४८ वळणं. मी तर त्याची एक्सेल शीटपण केली होती. व्हिसा, पेट्रोल, टोल, सगळं.

पण घाटाची आणि बियाणेवाल्याची कुंडली जुळेना. स्टेल्व्हियो बर्फामुळे हिवाळ्यात बंद, उन्हाळ्यात उघडतो. आणि उन्हाळा संपता संपता, म्हणजे ऐन मे-जूनमध्ये, आमच्या बियाणेवाल्याला दुकानातून जेवायलाही घरी जाता येत नाही. मास्तरचा पासपोर्ट नाही. माझ्या फ्लॅटचे हप्ते आहेत. शिवाय स्पायडरमध्ये माणसं बसतात दोन, हे चार वर्षांनी लक्षात आलं! असो.

गेल्या डिसेंबरात, २०२५ मध्ये, म्युनिकवाला नाताळच्या सुट्टीत घरी आला. त्याच आठवड्यात मीही जालन्यात होतो, वेगळ्याच कामासाठी. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, प्रीमियर पद्मिनी विकायची होती. १९९१ सालची, पांढरी. पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या चादरीखाली उभी. अण्णा आता गाडी चालवत नाहीत. २०२६ मध्ये तिचं रजिस्ट्रेशन पुन्हा रिन्यू करायचं, त्याची फी आता दहा हजार, वर पर्यावरण कर, टेस्ट, डागडुजी. अण्णा म्हणाले, "देऊन टाक. किती दिवस जागा अडवायची?"

भंगारवाला आला. त्याने गाडी सुरू करायला सांगितलंसुद्धा नाही. टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून बंद केलं आणि म्हणाला, "पंचवीस हजार." मी विचारलं, कसा काढला भाव? म्हणाला, "वजनावर, साहेब. नऊशे किलो भरेल."

ज्यांना जालना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, बियाणं आणि सळई. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं भंगार येऊन वितळतं आणि त्याच्या सळया होऊन तुमच्या-आमच्या स्लॅबमध्ये जातात. म्हणजे आमची पद्मिनी विकली असती तर तिला फार लांब जायला लागलं नसतं. घरापासून भट्टी पंधरा मिनिटं. मी आज ज्या सोसायटीत राहतो तिच्या कॉलममध्येही कुणाची तरी फियाट असेल, सांगता येत नाही.

भंगारवाल्याला म्हटलं, सोमवारी ये. आणि शुक्रवारी रात्री चौघं बसलो असताना म्युनिकवालाच म्हणाला, "अरे, इटालियन गाडी घरात आहे, चार दोस्त आहेत, थंडी आहे. अजून काय पाहिजे?"

आधी वाटलं चेष्टा करतोय. पण तो खरं तेच बोलत होता. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी. ती ज्या ११००/१०३ मधून निघाली, ती गाडी फियाटने १९५३ मध्ये आणली. त्या काळी इटलीत मिल्ले मिलिया नावाची शर्यत व्हायची. ब्रेशिया ते रोम आणि परत, हजार मैल, सार्वजनिक रस्त्यांवरून. १९२७ ते १९५७ या काळातली ही शर्यत अपघातांमुळे बंद पडली. आता त्याच नावाने जुन्या गाड्यांची फेरी निघते, आणि तिच्यात जागा मिळते ती त्या काळी मूळ शर्यतीत पळलेल्या मॉडेलना. फेरारी, मासेराटी, अल्फा रोमिओ यांच्या जोडीने ११००/१०३ सुद्धा त्या शर्यतीत पळाली होती. म्हणजे जिचा भाव वजनावर काढला, तिच्या आजीला इटलीत पहिल्या पंगतीला पान आहे.

आपल्याकडे ही गाडी आणली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. कारखाना कुर्ल्याला. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग बाक. सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' हे नाव आलं, आणि विसाव्या शतकाबरोबर गाडी संपली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी रजिस्टर झाली होती. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती पण रस्त्यावरून गेली. तेव्हा फेसबुकवर आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. मी पण केली होती. त्या वेळी अण्णांच्या पद्मिनीची बॅटरी उतरलेली होती आणि मी ती चार्ज करून घेतली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तर शनिवारी सकाळी चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे अण्णांचे मेकॅनिक. वय सत्तरच्या पुढे, गॅरेज मुलाने बंद करून तिथे मोबाइलचं दुकान टाकलंय. त्यांनी कार्ब्युरेटर उघडून साफ केला, पॉइंट घासले, प्लग बदलले, पेट्रोलची रबरी नळी बदलली. "आजकाल के पेट्रोल में ये नली नहीं टिकती," म्हणाले. खरं आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल या गाडीच्या रबराने जन्मात पाहिलं नव्हतं. ब्रेक मात्र त्यांनी दोनदा तपासले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पचास. उसके उपर नहीं." इन्शुरन्स आणि पीयूसी चालू होतं. अण्णा त्या बाबतीत कडक. गाडी उभी असली तरी कागद पळत असतात.

रविवारी सकाळी निघालो. ठरवलं होतं असई. जालन्याहून राजूर, राजूरहून भोकरदन, तिथून पुढे असई. आमच्याच जिल्ह्यातलं गाव, आणि चौघांपैकी फक्त मास्तर तिथे जाऊन आलेला, तेही निवडणुकीच्या ड्युटीवर.

पन्नासच्या स्पीडने जाताना काय होतं ते सांगतो. मागच्या प्रत्येक गाडीला तुम्ही आडवे येता. कापसाने भरलेला टेम्पोसुद्धा ओव्हरटेक करतो आणि क्लीनर हसून हात करतो. खिडकीच्या काचा उघड्या, त्यामुळे तुरीच्या शेताचा वास येतो, मग भट्टीचा, मग पुन्हा तुरीचा. गाणी नाहीत, रेडिओ केव्हाच मेलाय. म्हणून चौघांना बोलावं लागतं. बाकावर पुढे तिघं बसता येतात, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही (आणि पोलिसांना तर मुळीच सांगू नका). आम्ही अर्थात दोन-दोन बसलो.

राजूरच्या गणपतीला टेकडी चढली ती पहिल्या गिअरमध्ये. देवाला नमस्कार करून पुढे निघालो आणि दोनेक किलोमीटरवर गाडी बंद. इंजिन तापलेलं, पेट्रोल वर चढेना. चाचांना फोन लावला. "घबरा मत बेटा. पंप पे गिला कपडा डाल और दस मिनट बैठ." पाण्यासाठी शेजारच्या शेतात गेलो. तिथले काका आधी गाडी बघायला आले, मग पाणी आणलं. त्यांच्या लग्नात नवरदेवासाठी फियाट आणली होती म्हणे, भाड्याने, औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून. दहा मिनिटांचा तास झाला. ज्वारी नुकती दाण्यात आली होती, मग हुरडा झाला, शेंगदाण्याची चटणी झाली, आणि म्युनिकवाल्याने तिथे बांधावर बसून कबूल केलं की स्पायडर चालवताना तो दोन दिवस गाडीच्या पेट्रोल गेजशिवाय कुणाशीही बोललेला नव्हता.

दुपारी असईला पोचलो. इथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. यानेच बारा वर्षांनी, ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून, वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख पोलमन नावाचा हॅनोवरचा माणूस, म्हणजे आजच्या हिशेबाने जर्मन. युरोप आमच्या भोकरदन तालुक्यात आधीच येऊन गेलाय, आपणच उगाच व्हिसा काढत बसलो!

मास्तरने तिथे नदीकाठी उभं राहून आम्हाला लढाई शिकवली. वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. म्हणजे माणसं ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणारच. फौज त्याने तिथूनच नेली. जिंकला, पण त्याचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. म्हातारपणी त्याला विचारलं, तुझी सर्वांत चांगली लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लूचं नाव न घेता असईचं घेतलं, असं सांगतात.

म्युनिकवाला थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी वॉटर्लूला जाऊन आलोय. तिथे मातीचा डोंगर उभा केलाय, वर लोखंडी सिंह. २२६ पायऱ्या. खाली म्युझियम, तिकीट, पार्किंग." आमच्यासमोर कापूस होता, घोट्याएवढं पाणी होतं, आणि पद्मिनीभोवती जमलेली आठ-दहा पोरं होती. लढाई तीच, माणूस तोच. फरक एवढाच की तिकडे कुणीतरी ठरवलं की हे ठेवायचं.

इतका वेळ मी जे सांगतोय ते याच मुद्द्यासाठी. जुनी वस्तू आपोआप वारसा होत नाही. कुणाला तरी तसं ठरवावं लागतं, आणि गाड्यांच्या बाबतीत ते कायद्याने ठरवावं लागतं.

आपला कायदा काय म्हणतो? खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षं. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी रिन्यू. या रिन्यूअलची फी आधी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरच्या कारला दहा हजार. फी वाढवण्यामागचा हेतू उघड आहे: लोकांनी जुनी गाडी मोडीत काढावी. नोंदणीकृत केंद्रात रीतसर मोडली तर प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. चांगली गोष्ट. पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांच्या वरची हवी, मूळ रूपात हवी. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी वीस हजार. रोजच्या वापराला मनाई, प्रदर्शन आणि रॅलीला परवानगी.

म्हणजे आमची गाडी व्हिंटेज होणार २०४१ मध्ये. तेव्हा मी चौपन्न वर्षांचा असेन. चाचांचं वय मी मोजत नाही. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत ती कायद्याच्या दृष्टीने फक्त म्हातारी, धूर सोडणारी, फी भरणारी गाडी. पन्नासाव्या वाढदिवसापर्यंत कोण पोचतं? ज्याच्याकडे मोठं गॅरेज आहे तो. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि पॅकार्ड पोचल्या. अण्णांसारख्या माणसाने प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेली पद्मिनी वाटेतच भट्टीत जाते. आपण नकळत असा नियम केलाय की श्रीमंतांच्या गाड्या वारसा आणि मध्यमवर्गाच्या गाड्या भंगार.

युरोपात हे कसं आहे? जर्मनीत तीस वर्षं झालेली, मूळ रूपात चांगली राखलेली गाडी 'एच' अक्षराच्या नंबर प्लेटला पात्र ठरते. कर ठरावीक आणि कमी. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ताकर माफ. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा हीसुद्धा तीस वर्षंच धरते, अट एवढीच की गाडी रोजच्या वाहतुकीची नसावी. त्यांच्या यादीत फक्त पोर्श आणि मर्सिडीज नाहीत. साध्या फोक्सवॅगन बीटलही आहेत, म्हणजे त्यांच्या पद्मिनी.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण बायकोने ते आधीच घेतलेत.

एक, प्रदूषण. मान्य. कार्ब्युरेटरची गाडी आजच्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे खूपच जास्त घाण सोडते. पण प्रश्न वर्षाला किती किलोमीटर याचा आहे. आमची पद्मिनी वर्षाला पाचशे चालली तर खूप. मी पुण्यात एका महिन्यात त्याहून जास्त वेळ सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभा असतो.

दोन, सुरक्षितता. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर विनोद करणार नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, ब्रेक लागायला वेळ. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्या जालन्यावरून जातो, कारची वेगमर्यादा १२०. ५ जून २०२५ ला तो मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण सुरू झाला. मी त्यावरून जातो आणि मला तो आवडतो. पण त्यावर पद्मिनी नेणं म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाशी खेळ. तिथे तिला बंदीच हवी.

तीन, लोक गैरफायदा घेतील, जुन्या टॅक्स्या 'क्लासिक' म्हणून चालवतील. घेतील. आपण सगळे एकमेकांना ओळखतो.

म्हणून माझं म्हणणं 'सोडा सगळ्यांना' असं नाही. तीस वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या खाजगी गाड्यांसाठी मधला एक वर्ग करा. वर्षाला किलोमीटरची मर्यादा, मीटर तपासून. दर वर्षी ब्रेक आणि धुराची कडक टेस्ट, सध्यापेक्षा कडक. द्रुतगती मार्ग बंद, व्यावसायिक वापर बंद. आणि त्या बदल्यात फी अशी ठेवा की निवृत्त शिक्षकाला भरता येईल. एवढंच.

आणि यात फक्त गाडी वाचत नाही. जर्मनीत एच प्लेट आहे म्हणून जुन्या गाड्यांचे पार्ट बनवणारे आहेत, विमा देणारे आहेत, शिकणारी पोरं आहेत. कायद्याने त्या गाड्यांना भविष्य दिलं, म्हणून त्या धंद्याला भविष्य आहे. चाचांनी कार्ब्युरेटर कानाने सेट केला. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, डोळे मिटून. त्यांचा मुलगा शेजारी उभा होता, मोबाइलला टेम्पर्ड ग्लास लावत. त्याला दोष कसा देणार? ज्या गाड्या सरकार मोडीत काढतंय त्यांचं काम शिकून तो खाणार काय?

आमच्या धंद्यात जुन्या सिस्टीमला 'लेगसी' म्हणतात आणि नाकं मुरडतात. पण बँकांचे व्यवहार आजही कित्येक ठिकाणी चाळीस वर्षं जुन्या कोडवर चालतात. आणि तो कोड जाणणारा शेवटचा माणूस रिटायर झाला की मग मीटिंगा सुरू होतात. आपण नेहमी माणूस गेल्यावरच त्याचं डॉक्युमेंटेशन शोधतो.

रविवारी रात्री आठला परत आलो. दिवसभरात दीडशे किलोमीटरही झाले नसतील. अण्णा ओट्यावर बसून होते. गाडी कशी चालली हे त्यांनी विचारलं नाही. "चोक पूर्ण आत ढकलला होता का?" एवढंच विचारलं. नव्हता. अर्धा बाहेर राहिला होता, दिवसभर. म्हणूनच पेट्रोल एवढं पिलं. अण्णा उठले, आत बसले, चोक ढकलला, इंजिन पुन्हा एकदा सुरू करून दोन मिनिटं ऐकलं आणि बंद केलं.

सोमवारी भंगारवाल्याचा फोन आला. त्याला नाही म्हणून सांगितलं. "भाव अजून पडेल साहेब," म्हणाला. पडू दे.

रिन्यूअलचे पैसे चौघांत वाटून घेतलेत, अडीच हजार प्रत्येकी. म्युनिकवाल्याने युरोत पाठवले. पाच वर्षांची सोय झाली, टेस्ट पास झाली तर. त्यापुढचं त्या मधल्या वर्गावर अवलंबून आहे, जो अजून कुठल्याच नियमात नाही. तुमच्या घरी, मामाकडे, गावाला अशी एखादी चादरीखाली उभी असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एकदा चावी फिरवून बघा.

स्टेल्व्हियोची एक्सेल शीट अजून आहे. पुढच्या डिसेंबरला मात्र जांब समर्थ ठरलंय, अंबडमार्गे. चोकवर लक्ष ठेवायचं काम मास्तरकडे.